बोंबलाच्या पोटातला ओंकार

करावे गावात तुळशीरामकाकांच्या दारात लग्नाचा मांडव उभा राहिला आणि त्याच संध्याकाळी मांडवात देव बोलला. अख्खं गाव ऐकायला लोटलं होतं. बायका ओट्यावर चढल्या होत्या, पोरं खांबांना लोंबकळत होती. मी नेरुळच्या फ्लॅटमध्ये राहणारी, नववीतली जयमाला. तुळशीरामकाकांची कमळी माझ्या वर्गात आणि लग्न तिच्या बहिणीचं, मीनाताईचं. मी सगळ्यात पुढे बसले होते, कारण मला कुठलीही गजब गोष्ट मागून बघायला आवडत नाही.

देवाला बोलावलं होतं नादब्रह्म महाराजांनी. त्यांनी लाऊडस्पीकरवाल्याला माइक काढून ठेवायला लावला, वायरीचं उघडं टोक हातात घेतलं आणि डोळे मिटले.

"बाळांनो, हे शरीर म्हणजे ब्रह्मांडाचा रेडिओ. पण स्टेशन लागायला अंगात पुण्य लागतं."

असं म्हणून त्यांनी टोकाची तार अंगठ्याखाली दाबली आणि कर्ण्यातून आवाज निघाला, हूंऽऽऽ. जाड, खोल, न थांबणारा.

"ओंकार," महाराज म्हणाले, आणि सगळ्यांचे हात जोडले गेले.

मग त्यांनी टोकाला भगवं रेशमी फडकं गुंडाळलं. "पापी हाताला नाद भाजतो. म्हणून हे कवच." एकेकाने फडक्यासकट टोक धरून पाहिलं. कर्णा गप्प. तुळशीरामकाकांनी धरलं, तरी गप्प. काका इतके ओशाळले की चप्पल न घालताच मागच्या दारी गेले.

शेवटी येसूआजीची पाळी आली. येसूआजी म्हणजे कमळीची आजी, गावची धवलारीण. आगरी लग्नात ही बाई धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते. ती गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. तिने दोन्ही हातांनी टोक धरलं. कर्ण्यातून काहीच आलं नाही.

महाराजांनी मोठा सुस्कारा सोडला. "आजी, तुझ्या गळ्यात देव होता. तू तो यंत्रात ओतलास. हळदीच्या दिवशी ते यंत्र कॅसेटसकट माझ्या हवाली कर, मी शुद्धी करतो. तोवर गायलीस तर नवरीचं वाटोळं होईल."

यंत्र म्हणजे कमळीच्या काकाने मस्कतहून पाठवलेला टू-इन-वन, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकातच. त्यावर कमळी आणि मी आजीचे धवले टेप करत होतो, कारण ते कुणी कधी लिहून ठेवलेले नव्हते आणि आजीच्या तोंडात आता चारच दात उरले होते.

आजीने पदराने तोंड पुसलं. "मी गानार नाय," एवढंच म्हणून ती घरात गेली. मीनाताई रडायला लागली.

मलाही रडू आलं असतं, पण माझ्या डोक्यात तो हूंऽऽऽ अजून घुमत होता. हा आवाज मी कुठेतरी ऐकला होता. कुठेतरी काय, रोजच ऐकला होता. आमच्या पहिल्या कॅसेटवर आजी गात होती आणि मागे हाच भुंगा. आजी थांबली तरी तो थांबत नव्हता.

मी तेव्हा विज्ञानाच्या काळसेकर बाईंना पकडलं होतं. त्या म्हणाल्या, "भिंतीतल्या वायरींमधली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावते. तिची गुणगुण हवेतून पसरते आणि तुमची माइकची वायर ती उचलते. वायरीच्या आत मधली तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. जाळी म्हणजे मधल्या तारेची छत्री. तुमची छत्री फाटलीये का बघा."

फाटलीच होती. पिनेपाशी जाळी तुटली होती, ती कथिलाचा डाग देऊन जोडली. माइकची वायर ट्यूबलाइटपासून आणि स्विचबोर्डापासून लांब नेली. टेप विजेवरून काढून सेलवर लावला. भुंगा गुल. ज्याला मी इतकी मेहनत करून घराबाहेर काढलं, तोच इकडे मांडवात देव होऊन बसला होता.

"कमळे," मी तिच्या कानात म्हटलं, "हा ओंकार नाही, हा आपला भुंगा आहे."

"शप्पथ?"

आम्ही आतल्या खोलीत टू-इन-वन विजेवर लावला आणि एक जुनी, माइक तुटलेली वायर जोडली. उघड्या तारेवर बोट ठेवून रेकॉर्ड केलं आणि ऐकलं: हूंऽऽऽ. आपलं अंगही लांबलचक वायरीसारखंच वागतं. आजूबाजूच्या विजेची गुणगुण गोळा करतं आणि बोटातून तारेत सोडतं. मग तारेवर रेशमी ब्लाउजपीस गुंडाळून धरलं, तर जवळजवळ काहीच नाही. रेशमातून वीज जात नाही.

"मंग चल, आताच सांगू सगल्यांना," कमळी उठली.

"नुसतं सांगून कोण ऐकतंय? दाखवायचं."

हळदीच्या दिवशी महाराज यंत्र न्यायला हजर. मीनाताई पाटावर बसली होती, हळद वाटून तयार होती, आणि आजी कोपऱ्यात तोंड मिटून. बायका एकमेकींकडे बघत होत्या. धवल्याशिवाय पहिलं बोट कोण लावणार?

मी पुढे झाले. "महाराज, मला एकदा नाद ऐकवा ना."

त्यांनी खुशीत फडक्यासकट टोक दिलं. मी फडकं सरकवलं आणि तारेवर बोट टेकवलं. हूंऽऽऽ.

मला वाटलं, झालं, फुटलं बिंग. कसलं काय. शेजारच्या काकूंनी चक्क माझ्या पायांना हात लावला. महाराजही पक्के खेळाडू. लगेच म्हणाले, "बघा, या कन्येत साक्षात देवी आहे."

नववीत गणितात बेचाळीस मार्क पडलेली देवी मी पहिलीच असेन. बाजूला जेवणाचं म्हावरं साफ करायला ठेवलं होतं. मी त्यातला एक ओला बोंबील शेपटीला धरून उचलला आणि त्याचं तोंड तारेला लावलं. हूंऽऽऽ.

"आता बोंबलाच्या पाया पडा," मी म्हटलं.

मागून पोरं फिदीफिदी हसली. महाराज घाम पुसत म्हणाले, "मासा देवीच्या हातात आहे ना."

"बालाकाका, इकरं ये," कमळी ओरडली.

भावकीतले हे बाळारामकाका सकाळपासूनच घेतलेले. डुलत आले आणि त्यांनी तार धरली. हूंऽऽऽ. बोंबलापेक्षाही मोठा आला.

मग त्यांची बायको, शेवंताबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्यांच्या अंगान देव आसता, तं मी सकालपासना ह्यांना ताडीच्या झोपडीन शोधीत फिरली नसती."

आणि मांडव हसत सुटला. तुळशीरामकाका तर खांबाला धरून हसत होते.

फक्त आजी हसली नाही. ती उठून आली. "आन मना का नाय वाजला?"

मी तिच्या हातात वायर दिली. तिने आधी फडक्यासकट धरली. गप्प. फडकं काढून बोट लावलं. हूंऽऽऽ. पुन्हा फडकं, पुन्हा गप्प. असं तिने स्वतः करून करून खात्री केली. मला कळलं की ती आता माझंसुद्धा ऐकणार नव्हती, स्वतःच्या बोटाचं ऐकणार होती.

"ह्यो देव नाय?"

"नाही आजी. भिंतीतली वीज."

"माजा गला?"

"तुझाच आहे. कुठे गेलाय?"

आजीने ते फडकं महाराजांच्या खांद्यावर टाकलं. "तुजा देव घेऊन जा. नवरीला हलद लागाची हाय." आणि पाटासमोर बसून तिने धवला उचलला. मी धावत जाऊन टू-इन-वन आणला. सेल घातलेलेच होते. बटण दाबलं.

महाराज कधी गेले ते कुणी पाहिलं नाही.

आता माझं सांगणं ऐका. स्विचबोर्डात किंवा विजेच्या वायरीत बोट घालून बघायचं नाही, ते जिवावर बेततं. पण चमत्कार दिसला की एवढं जरूर करायचं: नमस्कार करण्याआधी फडकं काढून बघायचं. चमत्कार करणारा म्हणेल त्याच जागी, म्हणेल तसाच हात लावायचा नाही. दुसऱ्यालाही करून बघायला सांगायचं. आणि कुणी म्हणालं की तू पापी म्हणून तुला जमलं नाही, तर आधी एखाद्या बोंबलाला जमतंय का बघायचं. खरं असेल ते एवढ्याने मोडत नाही.

कॅसेट छान आली आहे. भुंगा अजिबात नाही, मागे फक्त बांगड्या आणि बाळारामकाकांची एक शिट्टी. हल्ली शेजारच्या गावांतून बायका आजीचे धवले टेप करायला येतात. आजी गायला बसण्याआधी वर बघते आणि हुकूम सोडते.

"टूबलाइट बंद करा. वायर लांब घ्या. सेल टाकलं का?" मग ती पदर सारखा करते. "हां. आता जो आवाज येल, तो माजा."