निम्मा इन्साफ

लासूर स्टेशनजवळच्या त्या लहानशा प्रार्थनामंदिरात सोनाजीबुवा कीर्तनाला उभे राहिले, की वळचणीच्या चिमण्यासुद्धा गप बसतात, असं मंडळी म्हणायची. येशूची आख्यानं बुवांनी अभंगाच्या चालींत अशी बसवली होती, की ऐकणाऱ्याचे डोळे आपसूक भरून यावेत. त्या रविवारी मात्र बुवांचाच सूर लागत नव्हता.

आदल्या आठवड्यात मंडळीची पंचसभा बसली होती. मनकर्णाबाईनं दर्ग्याला जाऊन मनगटाला गंडा बांधला, हा तिचा गुन्हा. वर्षभर तिनं प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा नाही, दाराशी बसायचं, असं ठरलं. पाचही पंचांनी हात वर केले. त्यांतला एक हात सोनाजीबुवांचा.

बुवांना ठाऊक होतं, बाई एकटी गेली नव्हती. पोराचा ताप उतरेना म्हणून बुवांची बायको सुगंधाबाईच निघाली होती. मनकर्णाबाई नुसती सोबतीला. सुगंधाबाईचा गंडा बुवांनी त्याच दिवशी विळीवर कापून चुलीत घातला. मनकर्णाबाईचा हातात राहिला आणि दिसला. "संगं कोण व्हतं?" सभेनं विचारलं. "माझी मीच," ती म्हणाली.

बुवा निरूपणाला लागले. "मंडळी, पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, अदालतीचं न्यायालय झालं. पण जुना शब्द काय वाईट नव्हता. इन्साफ! आमचे उर्दूचे मास्तर सांगायचे, त्याच्या पोटात निस्फ हाय. निस्फ म्हंजी निम्मं. निम्मं तू उचल, निम्मं मी..."

नजर दाराकडं गेली. मनकर्णाबाई पोत्यावर बसून भाबडेपणानं मान डोलवत होती. बुवांच्या चिपळ्या थांबल्या.

तबल्यावरचा पुंजाराम कुजबुजला, "बुवा, इंजिन पाणी प्यायला थांबलं व्हय?"

बायका फिस्सकन हसल्या. सुगंधाबाई हसली नाही. ती उठली, पदर सावरत दाराशी गेली आणि मनकर्णाबाईला खेटून बसली.

"ऊठ गं येडे," मनकर्णाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "घरचं चारचौघांत कशाला दावती?"

"दावलं नाय, म्हणून तर तू इथं बसलीस."

मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, गोंधळले. "सुगंधाबाई, तुमची जागा पुढं आहे."

सगळ्यांच्या नजरा बुवांवर आल्या. देवा, एवढा गळा दिलास मला, आणि खरं बोलायला हिला उठावं लागलं! त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"साहेब, तिची जागा तिथंच हाय. गंडा दोघींनी बांधला, अन् पोरगं माझं. समदं ठावं असून मी हात वर केला. प्रभुभोजनाआधी सभा परत बसवा. मी पंचांत बसणार नाय. पंचांपुढं उभा राहीन."

बुवा दाराकडं चालत गेले. मनकर्णाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, की सरकून जागाही केली नाही. बुवा चपलांच्या ढिगाशेजारी, उघड्या फरशीवर बसले.