अडीचचं गेट

अर्डिस वोल्डेनने गेटचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला, अर्ध्यावर आणला आणि पुन्हा वर जाऊ दिला. बिजागरी कुरकुरली, पण अडली नाही. सकाळपासूनची ही तिसरी खेप. ऐन वेळी दांडा बर्फाने धरला, की ताटकळलेल्या गाड्यांतली माणसं खाली उतरून सल्ले देऊ लागतात, हे तिला एकोणीस वर्षांच्या नोकरीत पुरतं कळून चुकलं होतं.

दुपारचे दोन वाजत आले होते. शुक्रवार होता आणि नाताळ रविवारी. हवामान खातं मंगळवारपासून बजावत होतं. शुक्रवारी दुपारनंतर ध्रुवाकडची थंडी खाली उतरेल, ताशी साठ मैलांचा वारा सुटेल, पारा शून्याखाली पंचवीसवर जाईल. उघड्या कातडीला पाच मिनिटंसुद्धा जास्त होतील. सोमवारपर्यंत उतार नाही. तरी लोक निघालेच होते. सुट्टीला घरी पोचायचं असलं, की माणूस त्यातलं निघण्यापुरतंच ऐकतो.

महामार्गावरचं हे गेट ब्रेमन गावापाशी होतं. ते पडलं की पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांना उजव्या हाताच्या चढाने गावात शिरावं लागे. तिथे शाळेच्या व्यायामशाळेत खाटा मांडून ठेवल्या होत्या. पुढचं गाव हार्लो, अठ्ठावीस मैलांवर. मधल्या पट्ट्यात घर नाही, पंप नाही, वारा अडवील असं एक झाडही नाही. अर्डिसचं घर हार्लोत होतं.

तिचा वरिष्ठ मर्ल बर्फ लोटायचा ट्रक घेऊन हार्लोहून तिला न्यायला आला. गेटच्या पलीकडे ट्रक वळवून, तोंड घराकडे करून त्याने उभा केला आणि खाली न उतरताच खिडकीतून हाक मारली. उत्तरेकडे बघ, म्हणाला. अर्डिसने बघितलं. क्षितिजाच्या जागी एक मळकट पांढरी भिंत उभी होती. भिंत हलत नाही असं वाटे. पण मघाशी तिच्या अलीकडे दिसणारं धान्याचं उंच कोठार आता दिसत नव्हतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हातमोजा दातांनी ओढून काढत तिने तो कानाला लावला.

"आई, गेट किती वाजता टाकणार तुम्ही लोक?"

"अडीचला. कुठे आहेस तू?"

"स्टँडिश मागे टाकलं. वीसेक मैल राहिलेत. पण आता जोरात हाकता येत नाहीये. तीन वाजतील बहुतेक."

"स्टँडिशलाच थांबायचं होतं ना."

"तेव्हा ऊन होतं, आई."

ट्रेंट तिचा एकुलता एक. पाच वर्षांपूर्वी, याच दिवसांत, त्याच्या बापाचा अंत्यविधी आटोपून सगळे चर्चच्या पायऱ्या उतरत असतानाच रस्ते खात्याचा फोन आला होता. वादळ येतंय, माणसं कमी आहेत. अर्डिसने काळ्या कपड्यांवर कामाचा कोट चढवला आणि ती निघाली. दुसऱ्या दिवशी घरी आली तेव्हा ट्रेंट स्वयंपाकघरात बसला होता. 'रस्त्यावरच्या परक्यांसाठी बरा वेळ असतो तुला,' एवढंच तो म्हणाला, आणि रस्ते उघडताच माँटानाला निघून गेला. त्यानंतर वाढदिवसाचे फोन तेवढे होत. त्याचं लग्न तिथल्याच नोंदणी कचेरीत झालं, ते तिला मागाहून कळलं. जुलैत त्याला मुलगी झाली, सिल्वी. फोनवर फोटो आले. आणि आठवड्यापूर्वी त्याने स्वतःहून विचारलं होतं, नाताळला आलो तर चालेल का. तेव्हापासून अर्डिसने घरातली वरची खोली दोनदा पुसून काढली होती.

"पंधरावीस मिनिटांचा प्रश्न आहे," ट्रेंट म्हणाला. "किल्ली तुझ्याच हातात असते ना? बाळ आहे गाडीत."

अर्डिसने पुन्हा उत्तरेकडे पाहिलं.

"कडेच्या खांबांवर नजर ठेव," ती म्हणाली. "एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, तेवढंच. थांबावं लागलं तर गाडी सोडायची नाही. मागची धुराची नळी बर्फाने बुजू देऊ नकोस."

"आणि गेट?"

"अडीचला."

मग तो "बरं" म्हणाला आणि फोन बंद झाला. तिने पुन्हा लावून पाहिला. लागेना.

मर्लने सगळं ऐकलं होतं. तो तीस वर्षं या रस्त्यावर होता, आणि अर्डिसच्या नवऱ्याची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत होता. काचेवरचं बर्फ खरवडत तो म्हणाला, "माझं घड्याळ तसं मागेच असतं. बायको रोज ओरडते त्यावरून."

"मर्ल."

"वरच्यांना काय दिसतंय इथलं? तीन वाजता टाकलं म्हणून कळवू. तुझा पोरगा आला की त्याला माझ्या मागे घेतो. मी पुढे बर्फ लोटत जाईन, तो चाकोरी धरून येईल."

हे होण्यासारखं होतं. म्हणूनच ते धोक्याचं होतं. चार वर्षांपूर्वी तिने गेट सात मिनिटं उघडं धरून ठेवलं होतं, गुरं वाहणाऱ्या एका ट्रकवाल्यासाठी. त्याने फार काकुळतीला येऊन मागितलं होतं. अकरा तासांनी तो सापडला. जगला, पण डाव्या हाताची चार बोटं गेली. तो दर नाताळला तिला कार्ड पाठवी. तुम्ही त्या दिवशी माझं ऐकून घेतलंत, असं लिही. तिला राग येण्यासारखं त्यात काही नसे, आणि तेच तिला सोसत नसे.

"त्याला घेतला तर त्याच्या मागच्याला काय सांगू?" ती म्हणाली.

मर्लने काच वर घेतली.

अडीचला तिने दांडा खाली घेतला. तो खोबणीत बसला, कुलूप लागलं, दांड्यावरचे तांबडे दिवे मिचमिचू लागले. तिने वायरलेसवर कळवलं: ब्रेमन, पूर्व बाजू, बंद. पाच मिनिटांत विस्कॉन्सिनच्या पाटीची एक पिकअप येऊन थांबली. तिच्यातल्या माणसाने पुढचं आभाळ निळं असल्याचं तिला बोट करून दाखवलं, आणि तुमच्यासारख्या लोकांमुळे आमचे सण नासतात असंही सुनावलं. तिने त्याला चढाचा रस्ता दाखवला. शाळेत सूप गरम आहे, म्हणाली. तो हॉर्न दाबत वर गेला.

मग वारा आला. नुसता जोर वाढला असं नव्हे, आवाजच बदलला. आभाळातून पडत होतं त्यापेक्षा जमिनीवरून उडणारं बर्फ जास्त होतं, आणि ते आडवं येत होतं. मर्लने ट्रकचं दार उघडलं.

"चल. आत्ता निघालो तर आपण दोघं पोचतो. दहा मिनिटांनी मीही सांगू शकणार नाही."

अर्डिसने ट्रकवर चढून सीटमागची पिशवी काढली. थर्मास, जास्तीचे मोजे, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बटाट्याच्या पोळ्या. पिशवी घेऊन ती खाली उतरली.

"हे काय?"

"तू जा."

"अर्डिस, सोमवारपर्यंत उघडणार नाही हे. घरी झाड सजवून ठेवलंयस तू."

"झाड कुठे पळून जातंय?"

"दोन माणसं परत येतायत म्हणून कळवलंय मी."

"मग एक येतोय म्हणून कळव."

मर्लने आपले लोकरीचे मोठे हातमोजे काढून तिच्या अंगावर टाकले आणि दार ओढून घेतलं. ट्रकचा पिवळा दिवा शंभर हातांवर दिसेनासा झाला. अर्डिस दांड्याखालून वाकून पश्चिमेच्या बाजूला आली.

गावाचा शिपाई चढाच्या माथ्यावर गाडीत बसून होता. त्याने तिलाही आत बोलावलं, पण ती गेटपाशीच थांबली. आंधळेपणाने येणारा माणूस सरळ दांड्यावर आदळेल, असं तिने वायरलेसवर सांगितलं, आणि ते खरंही होतं. हातातला नारिंगी दिवा ती डावीकडून उजवीकडे हलवत राहिली. पावणेतीन झाले. तीन झाले. पापण्या चिकटू लागल्या की ती हातमोज्याच्या पाठीने दाबून त्या सोडवी.

तीन वाजून दहा मिनिटं झाल्यावर दोन दिवे उमटले. तिचे पाय आपोआप पुढे झाले. एक म्हातारं जोडपं निघालं. बाई रडत होती, पण नीट बसली होती.

"मागे कुणी दिसलं?" अर्डिसने विचारलं.

"तीन-चार मैलांवर एक गाडी कडेला लागली होती," म्हातारा म्हणाला. "निळी. आत कुणी होतं का ते कळलं नाही. मला थांबायचा धीर झाला नाही, बाई."

अर्डिसने त्यांना वर पाठवलं. निळी. ट्रेंट हल्ली कुठली गाडी चालवतो, हे तिला माहीत नव्हतं. फोटोत फक्त बाळ असे. तिने शिपायाला वायरलेसवर गाडीचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि आता कुणालाच बाहेर पाठवायची परवानगी नाही म्हणाला. हे वाक्य ती स्वतः किती जणांना बोलली होती.

ती गेटपासून पश्चिमेला चालू लागली. वीस पावलं मोजून थांबली. मागे वळली तर तांबडे दिवे दिसत नव्हते. आणखी दहा टाकली तर परतीची वाट सापडणार नाही, हे तिला कळत होतं. ती तिथेच उभी राहिली. मग एक एक पाऊल मोजत मागे आली, दांड्याला हात लागेपर्यंत, आणि पुन्हा दिवा हलवू लागली. आता तिला तोंड कुणीकडे आहे हेही वाऱ्यावरूनच ठरवावं लागत होतं.

साडेतीनच्या सुमारास तिला दिव्यांआधी आवाज ऐकू आला. एक बाई ओरडत होती, "उजवीकडे, अजून उजवीकडे, खांब आहे." गाडी माणसाच्या चालीने आली. बाजूची काच पूर्ण खाली होती आणि एक तरुण बाई कमरेपर्यंत बाहेर झुकली होती. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. गाडी करडी होती.

चालकाने दांडा बघितला आणि काच खाली केली. अर्डिसचं तोंड लोकरीत गुंडाळलेलं होतं, वर टोपी, तिच्यावर कोटाचं टोपरं.

"बंद झालं ना?" त्याने विचारलं. त्याचे ओठ नीट हलत नव्हते.

"अडीचला."

वाऱ्यात त्याला आवाज पुरता ऐकू गेला नसावा. तो पुढच्या पांढऱ्याकडे बघत म्हणाला, "इथे अर्डिस वोल्डेन म्हणून असतात. त्या हार्लोला पोचल्या का, कळेल का कुठे? त्यांना निरोप द्यायचाय की आम्ही बरे आहोत."

अर्डिसने तोंडावरची लोकर खाली ओढली.

"त्या गेल्या नाहीत," ती म्हणाली.

ट्रेंटने दांड्याच्या पलीकडे पाहिलं, मग अलीकडे, जणू कुठे तरी ट्रक असेल.

"तू घरी कशी जाणार?"

"सोमवारी. उघडलं की."

मागच्या सीटवर गोधड्यांच्या ढिगातून एक बारीक, चिडका आवाज आला. ट्रेंटच्या बायकोने, जोलीनने, काच वर घेत मागचं दार ढकलून उघडलं. "तुम्ही आत या," ती म्हणाली. "तिच्याजवळ बसा."

"माझ्या अंगावर सगळं गोठलंय. तिला गार लागेल," अर्डिस म्हणाली आणि दार लावून टाकलं. लावताना तिला एक लाल टोपी आणि मुठीएवढा गाल दिसला. "शाळा जवळच आहे. मी पुढे चालते, माझा दिवा धरून या. घाई करू नका."

ती चढाला लागली. वारा डावीकडून मारत होता. दहाबारा पावलांवर मागे गाडीचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. गाडी पुन्हा हलली तेव्हा स्टिअरिंगवर जोलीन होती. ट्रेंट धावत अर्डिसजवळ आला. उजवीकडे मोकळी जागा होती. तो तिच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला आला, तिचा दंड धरला, आणि दोघं वर चढू लागले.