मांडीवरची पोर

खोटं कशाला बोलू, हूरियाचा मला लहानपणापासून हेवा वाटतो. नॅनी माझी सख्खी आजी. हूरिया तिच्या चुलतभावाची नात. पण नॅनीने सांभाळायला घेतलं ते तिला. मी शहरात आईबापांकडे आणि ही नॅनीच्या कुशीत. खाणवाले नदीवर आले तेव्हा नॅनी बुलडोझरपुढे ठाण मांडून बसली, तो गाजलेला फोटो. त्यातही मांडीवर हीच बया! लाल स्वेटर, नाकात बोट.

नॅनीला जाऊन वर्ष झालं. आमच्या रिवाजाप्रमाणे तिच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढायचा शनिवार ठरला. आमच्या जमातीच्या फेसबुक पानावर टाकायची चित्रं करायचं काम जमातीचं सगळं बघणाऱ्या आन्टी रीपेकाने मला दिलं, कारण माझा धंदाच तो. नॅनीचा फोटो छातीशी धरून मराएच्या, म्हणजे आमच्या जमातीच्या सभाघराच्या, अंगणात सगळ्यांत पुढे कोण चालणार, हेही आन्टीच ठरवणार होती. तो मान मला हवा होता. हवा म्हणजे हवाच.

मी तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि हूरियाला अलगद पुसून टाकलं. तिच्या जागी नॅनीचीच शाल पसरली. कारणही तयार ठेवलं: गेलेल्यांच्या फोटोंमध्ये जिवंत माणसाचा फोटो लावत नाहीत आपल्यात. रीत म्हणजे रीत.

आधीच्या रविवारी सकाळी चित्र टाकलं. दुपारपर्यंत पानावर नुसता गोंधळ. "मांडीवरची पोर कुठाय?" "नॅनी खाली बघून कुणाला हसतेय, गुडघ्याला?" एका काकाने तर लिहिलं, "बुलडोझरला जमलं नाही ते हिने केलं. पोरीला उठवलं तिथून!"

आन्टीचा फोन आला. "काय गं, काय करून ठेवलंस हे?"

रीत तोंडाशी आली, पण आन्टीला रीत शिकवायची माझी छाती होईना. तेवढ्यात पानावर हूरियाने लिहिलं, "मीच सांगितलं तिला, मला काढ म्हणून. मी अजून धडधाकट आहे, मला एवढ्यात गेलेल्यांच्या रांगेत बसवू नका!"

लोक हसले. तिच्यावर बदामांचा पाऊस. मी तणतणत तिला फोन लावला.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"मग काय करू? सोलून काढत होते तुला."

"मी मुद्दाम काढलं तुला, कळलं?"

"ठाऊक आहे गं. माझ्या बाहुलीचं डोकं कुणी उपटलं होतं तेही ठाऊक आहे." आणि हसायला लागली. अरे, चीड ना बाई एकदा तरी!

शनिवारी मराएच्या फाटकाशी आम्ही सगळे काळ्या कपड्यांत उभे. आन्टीने फोटो हूरियाच्या हातात दिला. माझा नुसता जळफळाट झाला, डोळ्यांत पाणी आलं. हूरिया दोन पावलं पुढे गेली, थांबली, वळली आणि चौकट माझ्या हातात कोंबली.

"तू धर. मला ती रोज मिळाली. तुला नुसती सुट्ट्यांत."

नको म्हणायची सोय नव्हती. आतून बायकांची स्वागताची हाक सुरू झाली होती. मी चालू लागले. सगळ्यांच्या पुढे मी, नॅनी माझ्या छातीशी, अख्खं गाव बघतंय. आणि माझी आजी मला हूरियाने दिली होती.