टोपणनावाने लिहिलेलं

छापखान्यात तो सहा वर्षं प्रुफं तपासत होता आणि सहाही वर्षं ताई त्याच्या डोक्यावर बसल्या होत्या. ताई म्हणजे त्याच्या वरिष्ठ. एकेक पान तीनतीनदा परत पाठवायच्या. एका दुपारी वैतागून त्याने नोकरदारांच्या एका वेबसाइटवर टोपणनावाने लिहिलं, ‘आमच्या छापखान्यात एक बाई आहे. घरी कुत्रं विचारत नाही, म्हणून इथे वेलांट्या उकरत बसते.’ चारशे लोक हसले. त्याला बरं वाटलं.

आठवड्याभराने ताई मोबाइल घेऊन त्याच्या टेबलाशी आल्या.

“बाइंडिंगवाल्याने दाखवलं हे. माझ्याबद्दलच आहे रे. खरं सांगू? आधी मला तुझाच संशय आला. मग माझीच मला लाज वाटली. माफ कर हं मला.”

‘असू दे हो’ म्हणून त्याला सुटता आलं असतं. पण ती माफी त्याला ऐकवेना.

“ताई, मीच लिहिलंय ते,” तो मान खाली घालून म्हणाला.

जागेवर जाऊन ताईंनी पुढचं पान ओढलं. त्याने वेबसाइटवरचा मजकूर पुसून टाकला, पण तो एव्हाना कुठल्या कुठे पोचला होता.

दुसऱ्या दिवशी त्या पानं घेऊन आल्या. चुका दाखवल्या नाहीत, की ओरडल्या नाहीत.

“एवढं तपासून द्याल का तुम्ही?”

सहा वर्षांत त्या पहिल्यांदाच त्याला ‘तुम्ही’ म्हणाल्या होत्या. वर न बघताच त्याने पानं घेतली.