वाऱ्यात धरलेला चेंडू

पंचाला आधी काही उमजेचना. दक्षिणेकडच्या गरम देशातून आलेला माणूस तो, दोन्ही कान वाऱ्यानं लालबुंद झालेले. पेनल्टीच्या ठिपक्यावर चेंडू ठेवला की घरंगळायचा, पुन्हा ठेवला की पुन्हा घरंगळायचा. आमच्या कप्तानानं त्याला हातवारे करून समजावलं की आमच्या बेटांवर असा वारा सुटला की एक जण पालथा पडून चेंडूवर बोट टेकवतो आणि मारणाऱ्याचा पाय आला की काढून घेतो. पंचानं डोंगराकडे पाहिलं, डोंगरावरच्या मेंढ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. काय करील बिचारा.

मग प्रश्न आला, धरायचं कोणी. नेहमी धरणारा पाय मुरगळून बाहेर बसलेला. आणि बघते तर काय, पार मागून, बचावाच्या जागेवरून आमचा हानुस चालत पुढे येतोय.

"मेला हा," मी म्हटलं. शेजारच्या बाईनं माझ्या हातातला कॉफीचा थर्मास काढून घेतला.

हानुस माझा नवरा. धंद्यानं सुतार. देशासाठी खेळतो म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं, मोठी गाडी असेल, बंगला असेल. अहो, आमचा अख्खा देश त्यांच्या एका मैदानात बसवला तर मागच्या रांगा रिकाम्या राहतील. हानुस रजा काढून जायचा, ज्यांची तोंडं चॉकलेटच्या कागदावर छापलेली असतात अशा पोरांच्या मागे दीड तास धावायचा, हरायचा आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी घराचं दार बसवायला हजर. त्यातल्या एका नामांकित पोराच्या, सामन्यानंतर बदलून घेतलेल्या जर्सीवर आमच्या मांजरीनं पिल्लं घातली. हानुसला त्याचं काही नाही. म्हणायचा, हरायचंच आहे तर नीट हरावं. मला राग यायचा, पण धुवायला टाकलेले त्याचे मोजे बघितले की जायचा.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनातून कधी गेली नाही. लग्नानंतरच्या वर्षी अशीच एक पेनल्टी होती, असाच वारा, आणि चेंडूवर बोट हानुसचं. मारायला आला होता सिमुन, आमच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडणाऱ्या पेतुरचा मुलगा. बूट अंगावर येताना पाहून हानुस घाबरला आणि त्यानं बोट पापणी लवण्याइतकं आधी उचललं. चेंडू सरकला, सिमुन घसरला आणि चेंडू गोलच्या वरून थेट समुद्रात. सिमुनला पुन्हा कुणी संघात बोलावलं नाही. तो डेन्मार्कला गेला तो तिकडचाच झाला.

गावानं हानुसला नाव ठेवलं, घाईचा हानुस. आमच्याकडे नाव एकदा चिकटलं की थडग्यापर्यंत सोबत येतं. नावाचं एवढं नाही, लोक हसतात आणि विसरतात. पण पेतुर बोलायचा बंद झाला. हानुस रोज त्याच्याच फेरीनं कामाला जातो. पेतुर तिकीट फाडून देणार, समुद्राकडे बघणार आणि धक्का आला की बोटीचा दोर बांधणार. इतकी वर्षं असंच.

हा हानुसचा शेवटचा सामना. गुडघे संपले होते, त्यानं स्वतःच सांगून टाकलं होतं. मागच्या आठवड्यात रुबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा पावाला लावता लावता म्हणाला, "बिरिटा, सगळं मिळालं बघ मला. फक्त पेतुर एकदा बोलला असता तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, बोलेल कधीतरी. मलाच ते खरं वाटलं नाही.

तर आता तो ठिपक्याशी पोचला होता. आम्ही एका गोलनं मागे, खेळ संपायला आलेला. आमचा प्रशिक्षक कडेवरून दोन्ही हात हलवून नको नको करत होता. हानुसनं तिकडे पाहिलंच नाही. पेनल्टी मारणार होता रोई, तरणाताठा पोरगा. त्यांचं बोलणं मला रोईनं नंतर सांगितलं. रोई म्हणाला होता, "हानुस, या वेळी लवकर उचलू नकोस हं."

हानुस म्हणाला, "तू बोटासकट मार."

तो पालथा झाला. तोंड गवतात, हात लांब केलेला, चेंडूवर एक बोट. रोई धावला. मी डोळे मिटणार नव्हते, पण मिटले. शेजारच्या बाईनं मला मिठी मारली तेव्हा कळलं, गोल झाला. सगळे रोईच्या अंगावर पडले होते आणि हानुस तिथेच, तसाच पालथा. मग तो गुडघ्यावर उठला, एक हात काखेत दाबून, आणि त्यानं पंचालाच विचारलं, गेला का. पंचाला त्याची भाषा कुठली कळायला, पण गोलची खूण म्हणून त्यानं मधल्या वर्तुळाकडे बोट दाखवलं.

सामना बरोबरीत सुटला. हानुसचं बोट मोडलं होतं. डॉक्टरनं बोटाला आधाराची पट्टी बांधली आणि मी त्याला भरपूर बोलून घेतलं. सुताराचं बोट म्हणजे काय खेळणं आहे? तो नुसता हसत होता. हुश्श वाटलं मला, खरंच सांगते. खेळ संपला, माणूस धड घरी आला.

त्यानं गोल पाहिलाच नव्हता, म्हणून संध्याकाळभर जो येईल तो त्याला गोल सांगत होता. पाववाल्यानं तर आमच्या स्वयंपाकघरात लाथ मारून दाखवली आणि खुर्ची पाडली.

सकाळी आम्ही फेरीवर चढलो. हत्यारांची पेटी माझ्या हातात. पेतुर आला, तिकीट फाडलं. पण समुद्राकडे वळला नाही. हानुसच्या बोटावरच्या पट्टीकडे बघत उभा राहिला.

"तोंड गवतात होतं तुझं," तो म्हणाला. "तुला दिसलं नसणार."

"नाही दिसलं," हानुस म्हणाला.

"गोलकीपर डावीकडे पडला. चेंडू उजवीकडून गेला, जमिनीलगत."

कालपासून हे हानुसनं गावभराच्या तोंडून ऐकलं होतं. मी काही बोलणार तोच त्यानं माझ्या पायावर पाय ठेवला.

"कोपऱ्यातून गेला का?" त्यानं विचारलं.

पेतुरनं तिकिटांची पिशवी बाकावर ठेवली आणि हानुसच्या शेजारी बसला. म्हणाला, थांब, पहिल्यापासून सांगतो. वारा कुठून होता इथपासून त्यानं सुरुवात केली. फेरी धक्क्याला लागली तरी त्याचं सांगणं चाललंच होतं. त्या दिवशी दोर दुसऱ्या कुणीतरी बांधला.