वेदीपुढचा कठडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कठडा आहे. विहिरीला असतो तसला नव्हे, आणि माडीला असतो तसलाही नव्हे. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरपासून थोडं आत गेलं की एका खेड्यात मिशनचं कौलारू देऊळ लागतं. त्या देवळात फादर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करतात ती वेदी पुढे आणि लोक बसतात ती फरशी मागे. या दोहोंच्या मधे मी आडवा उभा असायचो. लोक माझ्यापुढे येऊन गुडघे टेकत, माझ्यावर कोपरं ठेवत आणि तोंड उघडत. मग फादर माझ्या कडेकडेने जात आणि एकेकाच्या जिभेवर ख्रिस्तप्रसादाची पातळ पांढरी चकती ठेवत. एवढंच माझं काम. पण त्या कामाचा मला फार अभिमान होता.

मला घडवलं नूरुद्दीन मिस्त्रींनी. बेलापूर स्टेशनावर रेल्वेने उतरलेलं सागवान बैलगाडीतून आलं. लांब दाढीचे गोरे फादर तेव्हा नवे होते. त्यांनी काम समजावून सांगितलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "फादरसाहेब, देवळात गुरं शिरतात का काय?"

फादर हसले आणि गुडघे टेकून दाखवलं.

"आस्सं व्हय! मग कड अशी धारदार ठिवून भागायचं न्हाई. म्हाताऱ्या मान्सांची कोपरं सोलतील."

मग मिस्त्री स्वतःच गुडघ्यांवर बसले. कोपरं टेकून पाहिली, उठले, रंधा मारला, पुन्हा बसले. सरवरी नावाची त्यांची बायको भाकरी घेऊन आली, ती दारातच थांबली. "सकाळधरनं नमाजच चाललीया का? का काम बी हुतंय?" ती म्हणाली. मिस्त्रींनी पुन्हा रंधा उचलला. माझी कड अशी गोल झाली की हात फिरवला तर कुठे अडत नसे.

पुढची पुष्कळ वर्षं मी माणसांची कोपरं पेलली. ऊस तोडून काळे झालेले हात, मोटेच्या दोराने घट्टे पडलेले हात, चुन्याने उललेले हात. लग्न लागायच्या सकाळी नवरीच्या बांगड्या माझ्यावर किणकिणत. फादर लॅटिनमध्ये काय म्हणत ते कुणालाच कळत नसे. मलाही नाही. पण 'आमेन' मात्र सगळे ठासून म्हणत. ईस्टरच्या आदल्या दिवशी मिशनच्या सिस्टर मला जवसाचं तेल पुसत आणि म्हणत, "बघा, कसा आरशासारखा दिसतोय!"

खरं सांगू का, मला सगळ्यांत जास्त आवडायची ती बाळं. आईने प्रसादासाठी हात जोडले की तिच्या काखेतलं बाळ जरा मोकळं सुटायचं. ज्याच्या हिरड्या शिवशिवत असतील ते सरळ मलाच चावायला घ्यायचं. आया शरमून जायच्या. आधी नुसतं ओलं लागायचं, ऊन ऊन. मग एखाद्या रविवारी त्या ओल्यात एक इवलीशी टोचणी लागायची. म्हणजे बाळाला दात आला. पुष्कळदा त्याच्या आईच्याही आधी ते मला कळायचं.

आता एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या मधोमध एक लहानसं दार होतं. वरच्या आळीची माणसं दाराच्या उजवीकडे गुडघे टेकत, खालच्या आळीची डावीकडे. फादर आधी उजवीकडे जात, मग डावीकडे. असं करा म्हणून कुणी कधी सांगितलं नव्हतं. आजे-पणजे ख्रिस्ती व्हायच्या आधी या दोन आळ्यांच्या जाती वेगळ्या होत्या. ख्रिस्ती झाल्यावर जात गेली असं सगळेच सांगत. पण आळ्या होत्या तिथेच राहिल्या, आणि त्या रविवारी माझ्यापर्यंत चालत येत. मला वाटायचं, माणसं अशीच बसत असतील.

वरच्या आळीत साळूबाई म्हणून होत्या. लग्नाच्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे गुडघे टेकले होते आणि तेव्हापासून त्यांचा एक रविवार चुकला नव्हता. पुढे त्यांचे गुडघे गेले. मग त्या काठी माझ्यावर आडवी ठेवत, दोन्ही हातांनी मला घट्ट धरत आणि "येशू... मरिया... योसेफ..." म्हणत हळूहळू खाली बसत. उठतानाही तेच. त्यांची सगळी भिस्त माझ्यावर असे. नवरा गेला, दोन लेकी गेल्या, डोळ्यांपुढे धुकं आलं. पण रविवारचा तो प्रसाद घेतला की त्यांचा चेहरा पोट भरलेल्या लेकरासारखा दिसायचा. घरी मुलाला, बन्सीला, त्या म्हणत, "मला दुसरं काय बी नगं. तेवढं देवळात नेत जा."

मग एकाहत्तर साल आलं. दाढीवाले फादर थकले आणि आपल्या देशी परत गेले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत माणसं रडली. त्यांच्या जागी सायकलवरून आले फादर इग्नास. तरुण, सावळे, पायांत साध्या चपला, आणि बोलणं आपल्या नगरी मराठीतलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल लोकांना आनंद झाला असेल. छे! बन्सी पारावर बसून म्हणाला, "गोरा फादर हुता तर मामलेदार बी उठून उभा ऱ्हायचा. ह्याला कोन इचारतंय? आपल्यातलाच मानूस आपल्याला काय शिकवनार?"

मिस्सा मराठीत करायची परवानगी रोमहून कधीच आली होती, पण दाढीवाल्या फादरांना लॅटिन सोडवत नव्हतं. फादर इग्नासांनी पहिल्याच महिन्यात मराठी मिस्सा सुरू केली. वेदी फिरवली आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. ढोलकी आणली, टाळ आणले. शेजारच्या मळ्यातले राधाकृष्ण नावाचे शेतकरी बांधावरून ओरडले, "काय रं बन्सी, आमाला वाटलं तमाशाचा फड उतरला तुमच्या देवळात! तिकीट कितीला?" बन्सीची मान खाली गेली.

आणि एका रविवारी फादरांनी बायबलातला शास्त्रपाठ वाचायला राहीबाईला उभं केलं. राहीबाई खालच्या आळीतल्या छगनची सून. सातवी शिकलेली, काखेत दात येऊ घातलेलं पोर. ती वाचताना अडखळली, घामाघूम झाली, पण बायकांनी पहिल्यांदाच पदराआडून मान वर काढून ऐकलं. कडूबाई नावाची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आगं बया! म्हंजी ह्ये असं लिवलंय व्हय त्येच्यात!" सगळं देऊळ हसलं. फादरसुद्धा.

पण सगळ्यांना एकच किडा चावत होता. फादर इग्नास कुठल्या आळीचे? आडनाव ते सांगत नसत. गाव विचारलं तर म्हणत, "कोपरगावकडं." सोयरे विचारले तर म्हणत, "तुम्हीच." आल्या दिवशी छगनच्या दारात त्यांच्या सायकलीच्या चाकातली हवा गेली होती, म्हणून पहिली भाकरी त्यांनी छगनकडे खाल्ली. झालं! वरची आळी म्हणाली, "खालच्यांतलाच हाय." पण त्या दिवशी त्यांचं पोट बिघडलेलं होतं आणि अर्धी भाकरी ताटात राहिली. खालची आळी म्हणाली, "उष्टी टाकून गेला. वरच्यांतलाच हाय." मला वेदीजवळून सगळं ऐकू यायचं. दोन्ही आळ्यांची खात्री पटलेली होती आणि दोन्ही आळ्या रागावलेल्या होत्या.

अशातच फादरांच्या ध्यानात माझं ते डावं-उजवं आलं. मग एका रविवारी मिस्सा संपल्यावर माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "पुढच्या रविवारपासून हा कठडा नाही. सगळ्यांनी एका ओळीत यायचं, उभं राहून प्रसाद घ्यायचा. कोण कुठल्या आळीचं, ते देवाने विचारलेलं नाही."

मग बन्सी उठला. "मग आमी बी येत न्हाई. कुनाच्या बी मागं हुबं ऱ्हायला आमी काय रेशनच्या दुकानात आलोय का?" तो बाहेर पडला, आणि त्याच्या मागे वरच्या आळीची सगळी माणसं गेली. खालच्या आळीचे लोकही खूश नव्हते. छगन पुटपुटला, "फादर तर म्होरल्या साली बदलून जातील. आमाला हितंच नांदायचं हाय."

साळूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मला धरलं होतं. त्या माझ्याशीच बोलल्यासारख्या बोलल्या, "आता मी कशाला धरून बसू रं बाबा?" फादर सामान आवरण्यात गुंतले होते. त्यांनी ते ऐकलं नाही.

शनिवारी नूरुद्दीन मिस्त्रींचा मुलगा अल्लाबक्ष आला. त्याने मला हातोड्याने तोडलं नाही. खुंट्या एकेक करून सोडवल्या, आणि मला भिंतीशी टेकवून ठेवलं. "अब्बांचं काम हाय," एवढंच तो म्हणाला. माझ्या जागी फरशीवर नुसते खळगे राहिले. भिंतीशी पडल्या पडल्या मला अल्लाबक्षचा राग आला, फादरांचा आला. इतक्या वर्षांची सेवा ही अशी फिटायची का?

रविवार उजाडला. वरच्या आळीची माणसं बाहेर लिंबाखाली उभी राहिली. खालच्या आळीची आत आली, पण भिंतीला चिकटून बसली. मधली फरशी रिकामी. प्रसादाची वेळ झाली. फादर वाटी घेऊन पुढे आले आणि उभे राहिले. कुणीच उठेना. फादरांच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात दारात काठी वाजली. साळूबाई! बन्सी मागून "आये, मागं फीर," म्हणत होता, पण त्या चालतच राहिल्या. मधल्या रिकाम्या फरशीवरून एकट्या, काठी चाचपत. जिथे मी असायचो तिथे त्या आल्या, सवयीने हात पुढे केला आणि तो हवेतच राहिला. त्या पुढे कलल्या. माझा जीव वरखाली झाला, पण मी तर भिंतीशी पडलेला.

काठीवर कशाबशा सावरून त्या ताठ झाल्या. म्हणाल्या, "फादर, कठडा काढलासा. तुमचं देऊळ, तुमचा कठडा. पर माझं गुडघं कुटं काढून ठिवू?"

फादरांचा चेहरा पांढरा पडला. "आजी," ते म्हणाले, "माझ्या ध्यानातच आलं नाही."

"ध्यानात कसं येईल? तुमचं गुडघं नवं हायेत."

तेव्हा राहीबाई उठली. काखेतलं पोर तिने तसंच ठेवलं आणि साळूबाईंच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. "आजी, माज्या खांद्याला धरा."

साळूबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "कोन गं तू?"

"छगनमामांची सून. राही."

"खालच्या आळीची?"

"व्हय."

बन्सी उंबऱ्यावर थांबला होता. छगन अर्धवट उठून तसाच राहिला होता. राहीबाईचा खांदा पुढे केलेला होता आणि आता तो मागे घ्यावा की काय, हे तिला कळत नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"मग जरा जवळ ये की," साळूबाई म्हणाल्या. "एवढ्या लांबनं धरू व्हय? पडंल की मी!"

आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता टेकवला नाही, घट्ट रोवला. मला धरायच्या तसाच. येशू, मरिया, योसेफ म्हणत त्यांनी मान वर केली आणि फादरांनी त्यांच्या जिभेवर प्रसाद ठेवला. मग राहीबाईच्या.

बन्सी पुढे आला. "आये, चल आता घरला."

साळूबाईंनी ओठ मिटून हाताने त्याला गप्प केलं. तोंडात प्रसाद होता. तो विरघळेपर्यंत त्या हलल्या नाहीत, आणि त्या हलेपर्यंत बन्सीला हलता येईना. तो आईमागे उभा. त्याच्यामागे कडूबाई येऊन उभी राहिली. तिच्यामागे छगन. बघता बघता ओळ झाली. बन्सीने त्या दिवशी प्रसाद घेतला नाही, पण ओळीतून बाहेरही पडला नाही.

एका रविवारात सगळं बदललं असं मात्र समजू नका. वरच्या आळीची काही घरं कितीतरी दिवस दुसऱ्या गावच्या देवळात जात राहिली. अजूनही एखादं जातं. ओळीतसुद्धा कोण कुणामागे उभं राहायचं टाळतं, ते मला दिसतं. बन्सी आता येतो, पण ढोलकी वाजली की तोंड वाकडं करतो. आणि फादर कुठल्या आळीचे, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

फादर दुसऱ्याच दिवशी माझ्यापाशी आले होते. हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी अल्लाबक्षला बोलावलं. त्याने मला मधे कापलं, आणि दारापासून वेदीपर्यंतच्या भिंतीला लागून दोन्ही तुकडे एकापुढे एक ठोकले. आता म्हातारी माणसं मला धरून पुढे जातात. साळूबाई तेवढ्या मला धरत नाहीत. त्या दारात उभ्या राहून हाक मारतात, "राही, ए राही! कुटं मेलीस?" आणि खांदा आल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. खरं सांगतो, मला थोडं वाईट वाटतं. पण फार नाही.

मित्रांनो, मला तेल पुसलंत तर बरंच वाटेल. लाकूड आहे, उन्हाळ्यात उलतं. पण त्याहून एक मागणं आहे. जुनं काही काढायची वेळ आली तर जरूर काढा, माझ्यासारखं मधे येत असेल तर काढायलाच हवं. फक्त हात लावण्याआधी एकदा वाकून बघा, त्याला धरून कोण उभं आहे. आणि ते काढलंत, तर तुमचा खांदा तिथे असू द्या. पूर्वी मी वाटेत आडवा होतो. आता वाटेच्या कडेने आहे, आणि रविवारी माझ्या बाजूने माणसं पुढे जातात.