भोवरे मोजताना

जातिवंत घोड्यांची पैदास करणाऱ्यांच्या संघात बाई एकतीस वर्षं नोंदणीचं काम करत होत्या. प्रांतात कुठल्याही स्टड फार्मवर शिंगरू जन्मलं की पंधरा दिवसांच्या आत बाई तिथं हजर. हातात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर घोड्याच्या आकृतीचा छापील कागद. शिंगराच्या कपाळावरचा पांढरा डाग, पायांतले पांढऱ्या केसांचे मोजे आणि अंगावर केस जिथं जिथं गोल फिरतात ते भोवरे, सगळं त्या आकृतीवर शाईनं चढायचं. दोन घोड्यांचे भोवरे सारखे नसतात, म्हणून खरी भिस्त त्यांच्यावरच. बाई ते हातानं चाचपत, तोंडानं पुटपुटत मोजायच्या. मोजताना कुणी चकार शब्द काढलेला त्यांना खपायचा नाही. एका बड्या मालकाला त्यांनी तोंडावर सुनावलं होतं, "आधी तुमचं आटोपू दे, मी बसते तोवर." तेव्हापासून सगळे शहाणे झाले. बाईंनी डावा तळवा वर केला की मालक असो की घोडा धरणारा मोतद्दार, मुकाट गप्प बसायचा.

अशा बाईंच्या हातून नोंद चुकली असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

पण प्रयोगशाळेचं पत्र आलं. दोन वर्षांची एक घोडी विक्रीला निघाली होती, आणि नव्या नियमाप्रमाणे तिच्या केसांची मुळं तपासायला गेली होती. नोंदवहीत लिहिलेली आई तिची आई नव्हतीच. खरी आई त्याच फार्मवरची एक म्हातारी घोडी निघाली, तिला जन्म देऊन लगेच मेलेली.

झालं होतं ते असं. एकाच आठवड्यात फार्मवर दोन घोड्या व्यायल्या. म्हातारी गेली, तिचं पोर जगलं. दुसरी चांगली नामवंत कुळातली. ती जगली, तिचं पोर गेलं. फार्मवरच्या जुन्या मोतद्दारानं, ज्याला सगळे काका म्हणत, मेलेल्या शिंगराचं कातडं काढून त्या पोरक्या पोराच्या अंगावर दोरीनं बांधलं आणि त्याला त्या घोडीजवळ सोडलं. घोडीला आपल्याच पोराचा वास आला, तिनं त्याला पाजलं. चार दिवसांनी कातडं सोडलं तरी ती पाजत राहिली. ही जुनी हिकमत, आणि ती नीट जमणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

बाई गेल्या तेव्हा शिंगरू पीत होतं. घोडी परक्या पोराला थानाशी फिरकू देत नाही, लाथ घालते, हे या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. कचेरीत कळवलेलं होतं, एक घोडी मेली आणि एक शिंगरू मेलं. बाईंनी मेलेल्या आईशी मेलेलं पोर जोडलं आणि पिणारं पोर पाजणारीच्या नावावर चढवलं.

बाई आल्या त्या आठवड्यात मालक हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. पुढं प्रमाणपत्र आलं ते न उघडताच फाइलीत गेलं. पत्र आल्यावर संघात कुजबुज सुरू झाली, की भारी कुळाचं नाव लावून घोडी महाग विकायचा याचा डाव असणार. मालकानं हात झटकले. "मी जाताना काकांना बजावलं होतं, बाईंना सांगा म्हणून." काका म्हणाले, "मी सांगितलं." संघाच्या चौकशी समितीनं बाईंना विचारलं, तेव्हा बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, मला कुणीही काहीही सांगितले नाही.

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मालकानं त्याच संध्याकाळी काकांना घरी बसवलं.

याला दोन महिने झाले. आज समितीची शेवटची बैठक होती. काकांनी हयगय केली एवढं लिहून प्रकरण मिटायचं होतं. सकाळी बाईंनी प्रती काढण्यासाठी मूळ कागद कपाटातून काढला, आणि कितीतरी वेळ त्या उभ्याच राहिल्या.

आकृतीवर सगळं जागच्या जागी होतं. कपाळाचा भोवरा, मानेवरचे दोन, मागच्या डाव्या पायातला मोजा. आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात: छातीवर व पोटाखाली केस गेलेले, दोरीचे वळ.

शिंगराला पोटाखालून दोरी कोण बांधतं? दुसऱ्याचं कातडं अंगावर बसवायचं असेल तरच. हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, बोटांनी चाचपलं होतं, शाईनं लिहिलं होतं. फक्त त्याचा विचार केला नव्हता. वळावरून हात फिरवताना त्या पुटपुटत मोजतच असणार. आणि काका नेमके तेव्हाच बोलले असणार, कारण वळ दिसताक्षणीच कुणीही बोललं असतं. मग आपण काय केलं असेल, हे बाईंना वेगळं आठवायची गरज नव्हती. त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

कागद घेऊन त्या अध्यक्षांच्या खोलीत गेल्या. अध्यक्ष स्वतः जुने पैदासकार. त्यांनी रकाना वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हे कुणी पाहिलंय?"

"मी. दोन वर्षांपूर्वी."

"बाई, थट्टा नको. आणखी कुणी?"

"नाही."

अध्यक्षांनी दार लोटलं. "पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. संघ तुमचा सत्कार करणार आहे. तुमची एक नोंद चुकली म्हटलं की उद्या जो तो उठून आपापल्या घोड्याची नोंद तपासा म्हणेल. म्हातारा काय, सत्तरीचा आहे. कधीतरी घरी बसायचाच होता."

"तो घरी बसला नाही, त्याला बसवलंय. माझ्या सहीनं."

"तुम्हाला तरी कुठं आठवतंय त्यानं सांगितलेलं?"

बाई एवढंच म्हणाल्या, "त्यानं तोंड उघडलं नसतं तरी मला कळायला हवं होतं, साहेब. याच कामाचा पगार घेतला मी."

बैठकीत त्यांनी कागद सगळ्यांपुढे फिरवला आणि आपलं आधीचं म्हणणं मागं घेतलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दोघं-तिघं खाली बघत राहिले. मालक तेवढा म्हणाला, "मग मी काकांना उगाच..." आणि वाक्य तसंच सोडून पाणी प्यायला. घोडीच्या आईचं नाव बदलायचा ठराव झाला. सत्काराविषयी कुणी बोललं नाही.

दुरुस्त केलेलं प्रमाणपत्र घेऊन बाई चार दिवसांनी काकांकडे गेल्या. ते मुलीकडे राहत होते, तिसऱ्या मजल्यावर. दार मुलीनं उघडलं. "बाबा, त्या आल्यात," असं म्हणून ती आत निघून गेली. बाईंना तिनं बसा म्हटलं नाही. काका खिडकीपाशी खुर्चीत होते. अंगावर इस्त्रीचा सदरा. जन्मभर पहाटे चारला पागेत उभा राहणारा माणूस असा स्वच्छ, बिनकामाचा बसलेला बघून बाईंना गलबलून आलं.

त्यांनी प्रमाणपत्र पुढे केलं. "काका, आईचं नाव बदललंय. मी वाचून दाखवते."

"थांबा."

काकांना वाचता येत नाही हे बाईंना ठाऊक होतं. पण त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, ओळीवरून बोट हळूहळू सरकवत नेलं आणि एका जागी थांबवलं. बरोबर म्हातारीच्या नावावर.

"हेच ना? तिच्या दारावरची नावाची पितळी पाटी अकरा वर्षं मीच पुसली." बोट तिथंच ठेवून ते म्हणाले, "गेली तेव्हा डोकं माझ्या मांडीवर होतं तिचं. पोराला बघून गेली. मी म्हटलं, जा, मी जगवतो. जगवलं. आणि कागदावर त्याची आई दुसरीच."

"चूक माझी होती. मी तसं सगळ्यांसमोर सांगितलंय. मालक तुम्हाला परत बोलवताहेत."

"त्यांचा निरोप आला. बघू." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्यांदाच बाईंकडे सरळ पाहिलं. "मला दुसरंच विचारायचंय. दोन महिने मुलगी विचारतेय, बाबा, नक्की सांगितलं होतंत का? आता माझं मलाच कळेनासं झालंय. बाई, मी सांगितलं होतं ना तुम्हाला? आठवतं?"

हो म्हणणं सोपं होतं. बाईंच्या ओठांवर आलंही होतं. पण न पाहिलेलं लिहायचं नाही, याच्या पलीकडे त्यांना आयुष्यात दुसरं काही येत नव्हतं.

"आठवत नाही, काका," त्या म्हणाल्या. "मी ऐकलंच नव्हतं. पण तुम्ही सांगितलं होतंत."

काकांनी आतल्या दाराकडे मान वळवली आणि मोठ्यानं हाक मारली, "बाळ, जरा बाहेर ये. बाई काय म्हणताहेत ते ऐक."